वळकीचं वाहतं पाणी

मुळशीला जाऊन आले म्हटलं की पुण्यातली माणसं दोनच गोष्टी विचारतात: धरण पाहिलं का, आणि आंबेमोहोर आणला का. तांदूळ आणला. धरणाचं पाणीही दिसलं, पण लांबून, एका कड्यावरून. मी गेले होते एका देवीच्या मागोमाग नदी शोधायला, आणि ही हकिगत जिन्यात उभ्याउभ्या सांगण्यासारखी नाही. म्हणून सुट्टी लागल्यावर लिहायला बसले.

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. आमच्याकडे शिवण शिकवणाऱ्या शाहिदा मुलाणी आणि मी मधल्या सुट्टीत एकत्र डबा खातो. शाहिदाचं माहेर पौडचं, वडिलांचं तिथल्या पेठेत कापडाचं दुकान. त्या दुकानातून हिरडेवाडीच्या वाघजाईला दर चैत्री पौर्णिमेला हिरवं लुगडं जातं. तो मान त्यांच्या घराकडे तिच्या पणजोबांपासून आहे. देवीला न्हाऊ घालायचं आणि मग ते नेसवायचं.

"गेल्या वर्षी लुगडं घडी न मोडता परत आलं," शाहिदा एकदा डबा उघडता उघडता म्हणाली. "पाणी चाललं नाही."

"पाणी चालत नाही बाई, वाहतं," मी म्हटलं. मास्तरकीची सवय, दुसरं काय. एरवी ती हसली असती. त्या दिवशी हसली नाही. "अब्बांचे गुडघे गेलेत, यंदा मान घेऊन मी जाणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही चला. तुमच्या पुस्तकात नसलेली नदी दाखवते."

पौड

एसटीचं वर्णन करत नाही. ज्यांनी तो प्रवास केला आहे त्यांना गरज नाही, आणि ज्यांनी केला नाही त्यांना आतापासून घाबरवायला नको. दुपारी पौडला उतरलो तेव्हा उन्हानं रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं आणि माझ्या उजव्या चपलेचा अंगठा सुटला होता. शाहिदाच्या आईनं तो सुतळीनं बांधून दिला आणि जेवायला बसवलं. आंबेमोहोर भात, कुळथाचं पिठलं आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील. भाताचा वास दारापर्यंत आला होता. आमच्याकडे तांदूळ शिजतो, तिथे तो दरवळतो, एवढाच फरक, पण मी दोनदा भात घेतला.

शाहिदाचे अब्बा गादीवर बसून लुगड्याची घडी पुन्हापुन्हा हातानं सरळ करत होते. मला सगळं नीट समजलं ते त्यांच्याकडून.

"बाई, हिरडेवाडीत देवी न्हाल्याबिगर कुनाच्या घरात हळद कुटत न्हाईत," ते म्हणाले. "हळद न्हाई म्हंजी लगीन न्हाई. आन् देवी न्हाते ती वाहत्या पाण्यात. साठल्या पाण्यात न्हाई, हिरीत न्हाई. गावामागं वळकी नदी हाय. पूर्वी घाटावर चार पायऱ्या उतरलं की काम व्हायचं. आता चैतात नदी कुटं वाहते ते हुडकत वर जावं लागतंय. गेल्या साली पार उगमापतुर गेले. तितंबी पाणी थांबलेलं. आले तसेच माघारी. सालभर गावात अक्षता पडल्या न्हाईत."

"पण धरण इतकं जवळ आहे," मी म्हटलं. "भरलेलं आहे."

"त्ये बांधलेलं पाणी हाय. देवी त्याच्याकडं बघतबी न्हाई." मग त्यांनी लुगडं कागदात गुंडाळलं आणि आवाज खाली आणला. "लई वंगाळ एकच हाय. राघू गुरवाच्या नातीचं, सुमनचं, लगीन चांदे गावात ठरलंय. गेल्या साली थांबलं. चांद्याची मानसं म्हनली, एक साल कळ काढली, आता ह्या वैशाखात न्हाई झालं तर आमी दुसरी पोरगी बघनार. आन् पाणी चाललं का थांबलं ते सांगायचा मान कुनाचा? राघू गुरवाचाच."

हिरडेवाडी

पौडहून पुढं एका फाट्यावर उतरून आम्ही टेकडी चढलो. माथ्यावरून गाव दिसलं आणि गावामागे नदी दिसली. नदी म्हणजे पांढऱ्या गोट्यांचा आणि वाळूचा रुंद पट्टा. दगडी घाटाच्या पायऱ्या उतरत उतरत वाळूत जाऊन संपल्या होत्या. त्या वाळूत ठिकठिकाणी बायका वाकलेल्या होत्या. लांबून मला वाटलं, काहीतरी पेरताहेत.

त्या पाणी भरत होत्या. नदीच्या पात्रात हातानं खड्डा करायचा, त्याला झिरा म्हणतात. खड्ड्यात खालून पाणी पाझरतं. ते वाटीनं उचलून फडक्यातून कळशीत ओतायचं, पुन्हा पाणी येईपर्यंत थांबायचं. शाहिदानं हाक मारली तशी घाटाच्या अगदी पायथ्याच्या झिऱ्यातून एक मुलगी उठली. उंच, काटक, कपाळावर वाळू लागलेली. तीच सुमन.

"ह्या शाळेतल्या बाई," शाहिदानं ओळख करून दिली. "भूगोल शिकवतात. नद्या आणि डोंगर."

सुमननं मला आपादमस्तक पाहिलं. सुतळी बांधलेल्या चपलेवर तिची नजर जरा जास्त थांबली. "मंग बाई, आमची नदी कुटं गेली तेवढं सांगा की," ती म्हणाली.

मी काही शिकवल्यासारखं बोलले. डोंगरावरची झाडं कोळशासाठी तुटली, पाऊस धरून ठेवायला काही उरलं नाही, असं. ते खरंच आहे. पण ऐकता ऐकता ती वाटी वाटी पाणी ओततच होती, आणि माझं उत्तर संपलं तेव्हा कळशीचा तळही झाकला गेला नव्हता. मला लाज नाही वाटली, वाईट वाटलं. आमच्याकडे सकाळी नळ येतो तेव्हा आम्ही जिना धुतो. पुण्याच्या माणसाला नदी आठवते ती पानशेतच्या पुराची, घरात शिरलेली. नदी अशी घरातून निघून जाऊ शकते, हे आमच्या ध्यानीमनीही येत नाही.

राघू गुरव देवळाच्या ओट्यावर पितळी मुखवटा चिंचेनं घासत बसला होता. वयानं वाकलेला, आवाज मात्र खणखणीत. शाहिदानं लुगडं पुढं केलं, त्यानं ते कपाळाला लावलं आणि विचारलं, "परत न्यायची तयारी ठिवलीया ना पोरी?" तिनं वरचा कागद घडी करून पिशवीत टाकला. "ठिवावी," तो म्हणाला. "औंदा पाऊस बरा झाला म्हनत्यात लोकं. झाला की. चार दिवसात पडला आन् चार दिवसात समिंदराला गेला. आमच्या ल्हानपनी पाऊस बसायचा. यायचा आन् पाव्हन्यावानी मुक्कामाला ऱ्हायचा. आता उभ्या उभ्या येतो, भांडून जातो. थंडीबी तशीच. पूर्वी माघात घोंगडी पुरायची न्हाई. आता माघातच घाम येतुया."

वर्तमानपत्रात हल्ली कधीमधी आतल्या पानावर येतं, की साऱ्या पृथ्वीचीच हवा हळूहळू तापते आहे. वर्गात मुली विचारतात तेव्हा मी सांगते की अजून पुष्कळ शोधायचं आहे, एका ओढ्यावरून जगाचा निकाल लावू नये. तेही खरंच आहे. पण ओट्यावर त्या रात्री जेवताना, नाचणीच्या भाकरीबरोबर सुकटीची चटणी खाताना, चैत्राच्या वाऱ्यातली धग अंगाला लागत होती, आणि आपलं सावध उत्तर मला जरा जास्तच सोयीचं वाटायला लागलं.

जुना घाट ते रांजणं

उजाडताच पालखी निघाली. लहानशी लाकडी पालखी, आत मुखवटा. पुढच्या दांडीला किसन नावाचा गडी, मागे त्याचा भाऊ, मग ढोल, मग गावातले बापे, आणि शेवटी बायका. सगळ्यांसाठी पिण्याचं पाणी बायकांच्या डोक्यावर. सुमनची कळशी काठोकाठ होती, ती झिऱ्यावर सगळ्यांच्या आधी गेली होती.

पालखी आधी जुन्या घाटावर थांबली. शेवटच्या पायरीशेजारी शेंदूर फासलेला एक दगड आहे. देवी जिथं जिथं न्हाली, तिथं तिथं असा दगड आहे. इथे कोरड्या वाळूसमोर पालखी टेकवली, राघू गुरवानं दगडाला हात लावला आणि मोठ्यानं विचारलं, "चाललंय का?"

बाप्यांनी एका सुरात उत्तर दिलं, "न्हाई!"

पालखी उचलली. मला वाटलं होतं ही नुसती रीत असेल, पण त्या 'न्हाई'मध्ये दुखऱ्या दातावर जीभ गेल्यासारखं काहीतरी होतं.

मग आम्ही पात्रातूनच चालू लागलो. दुसरा शेंदरी दगड सासूच्या डोहाशी. इथं राघू गुरवाच्या बापाच्या काळात देवी न्हायची. डोहाच्या जागी भेगाळलेला चिखल होता आणि त्यात गुरांची पावलं उमटून वाळलेली. "चाललंय का?" "न्हाई!" पुढे एका वळणावर तिसरा दगड. किसन खांद्याची दांडी सावरत म्हणाला, "हितं मी पोरगा असताना पवलोय बाई. बहात्तरच्या दुष्काळातबी हितं धार व्हती. सारा मुलूख करपला आन् आमची वळकी वाहत व्हती. तवा आमाला लई गर्व झाला व्हता."

मी पुस्तकात शिकवते की नदीला तारुण्य, प्रौढपण आणि वार्धक्य अशा तीन अवस्था असतात. तारुण्य डोंगरात, वार्धक्य समुद्राजवळ. वळकीच्या काठानं वर चढताना मी आयुष्यात प्रथम एक नदी तरुण जागी म्हातारी झालेली पाहिली. त्या दगडांवरून सालं मोजता येत नव्हती, पण कोण कुठं पोहलं, कुणाचं लग्न कुठल्या दगडाच्या पाण्यावर लागलं, हे प्रत्येकाला पाठ होतं. जितकं वर जावं तितकी लग्नं अलीकडची.

रांजणांपाशी पहिलं पाणी दिसलं. कातळात पाण्यानंच कोरलेले गोल खड्डे आहेत, त्यांतल्या एकात हिरवट पाणी होतं. सगळ्यांची पावलं भरभर पडायला लागली. माझी चप्पल इथंच कायमची निकामी झाली. ती करवंदीच्या जाळीवर ठेवून मी अनवाणी पुढं गेले, आणि तापलेल्या कातळावर अशी उड्या मारत गेले की बायकांचं सकाळपासूनचं पहिलं हसू मी मिळवलं.

गुरवानं पळसाचं कोवळं पान काढलं, त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि हलकेच पाण्यावर सोडलं. पान आपोआप चालून पलीकडच्या कडेला लागलं पाहिजे, अशी परीक्षा. सगळे खाली वाकले. पान थरथरलं, थोडं फिरलं, आणि चक्क पुढं सरकलं.

"चाललं! चाललं!" किसन ओरडला. ढोलावर थाप पडली. सुमनच्या एका मैत्रिणीनं तिला कमरेला मिठी मारली.

"थांबा," गुरव म्हणाला. "वारा हाय त्यो. आडोसा करा."

कुणी हललं नाही. मग सुमननंच कळशी खाली ठेवली, पदर सोडून दोन्ही हातांनी पसरला आणि वाऱ्याच्या बाजूला उभी राहिली. तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. पदरांच्या भिंतीआड पान पाण्यावर पडून राहिलं. जागचं हललं नाही.

गुरवानं नातीकडे पाहिलं नाही. "चाललंय का?" त्यानं विचारलं. उत्तर यायला वेळ लागला, पण आलं. "न्हाई."

मला त्या म्हाताऱ्याचा राग आला, हे सांगून टाकते. एवढ्या लोकांना वारा दिसला नव्हता, यालाच दिसायला पाहिजे होता का? शाहिदाला तसं म्हटलं. ती म्हणाली, "त्यानं इथं डोळा झाकला असता, तर गावानं सुमनला जन्मभर ऐकवलं असतं, की तुझं लग्न वाऱ्यावर लागलंय."

कपार

शेवटचा चढ देवराईतून जातो. या रानात कुणी कुऱ्हाड नेत नाही. उन्हातून आत पाऊल टाकलं आणि अंगावरून कुणी ओला हात फिरवल्यासारखं वाटलं. खाली सगळा मुलूख असाच असायचा, असं एक म्हातारी म्हणाली. देवराईच्या टोकाला कड्याच्या पोटात एक कपार आहे. तीच वळकीचा उगम. कपारीतून पाणी ठिबकत होतं आणि खाली दगडाच्या परातीएवढ्या खळग्यात पडत होतं. खळगा ओसंडला असता तर नदी सुरू झाली असती. पाणी काठाच्या बोटभर खाली होतं.

कड्याच्या पलीकडे, खूप खाली, धरणाचा निळा फुगवटा पसरला होता. आमच्यातलं कुणी तिकडे पाहत नव्हतं.

गुरवानं पान सोडलं. वारा नव्हताच. एक थेंब पडला की पान जरा हलायचं आणि पुन्हा स्थिर व्हायचं. आम्ही पाहत राहिलो.

"थांबलंय," गुरव म्हणाला. हा शब्द त्यानं इतका हळू उच्चारला की मागच्यांना पुढच्यांनी सांगावा लागला.

किसन मटकन खाली बसला. "जरा बोटानं ढकला की गुरवबाबा," तो कळवळून म्हणाला. "हितं कोन बघतंय?"

"ती बघतिया," गुरव पालखीकडे हात करून म्हणाला, आणि तोही बसला. त्याचे हात गुडघ्यांवर नुसते पडले होते. माणूस आपलं काम चोख करतो आणि त्यानंच आपलं घर मोडतं, तेव्हा तो कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. पुन्हा पाहायची इच्छा नाही.

किसननं पाणी मागितलं. चढून सगळ्यांचेच घसे सुकले होते. सुमननं कळशी तिरकी केली, त्यानं ओंजळ धरली. पाण्याची बारीक धार त्याच्या ओंजळीत पडली, बोटांतून निसटली आणि कातळावरून पळत खाली गेली. सुमन त्या पळत्या पाण्याकडे पाहत राहिली. किसनचं पिऊन झालं तरी तिची कळशी तशीच तिरकी होती.

"आबा," ती म्हणाली, "देवीला कसलं पाणी पायजे?"

"वाहतं."

"मंग ह्ये काय हाय?"

"त्ये कळशीतलं."

"कळशीत कुटनं आलं? वळकीचंच हाय. घाटाच्या पायथ्याला झिऱ्यात बसून भरलंय, जितं तुमच्या आज्यानं देवी न्हाऊ घातली तितलंच. नदी वाळूखाली गेलीया आबा. मेली न्हाई. आमी तिला वाटीवाटीनं वर काढतो आन् डोक्यावर वाहतो." तिचा आवाज चढला. "नदी वाहायची थांबली तवापास्नं कोन वाहतंय पाणी? आमीच वाहतोय की! रोज वाहतोय!"

मी भाषेची शिक्षिका नाही. पण 'वाहणं' या शब्दात नदीचं वाहणं, डोक्यावरचं ओझं वाहणं आणि देवाला फूल वाहणं हे तिन्ही एकत्र राहतात, हे इतक्या वर्षांत माझ्या कानाला कधी जाणवलं नव्हतं. त्या कातळावर ते सगळ्यांनाच एकदम जाणवलं.

गुरवानं कातळावरच्या ओलीला बोट लावून पाहिलं. मग म्हणाला, "वाहतं म्हंजी आपसूक वाहतं, पोरी."

"आपसूक हितं कायबी येत न्हाई आता."

"मी व्हय म्हनलो, तर लोकं म्हनतील गुरवानं घरचं बघितलं." तो उठला आणि बाप्यांकडे वळला. "तुमी सांगा. चाललंय का?"

बापे एकमेकांकडे पाहू लागले. किसननं खाली मान घातली. त्यांच्यापैकी कुणी कधी झिऱ्यावर बसलं नव्हतं, ते काय सांगणार? उत्तर मागून आलं. देवराईत बोललेली ती म्हातारी पुढं झाली, डोक्यावरचा हंडा न उतरवता. "चाललंय," ती म्हणाली. "माझ्या डोस्क्यावरनं चाललंय. टक्कल पडलं माझं." मग दुसरी म्हणाली, "चाललंय." मग सगळ्याच.

गुरवानं खळग्यातलं पान उचललं. उतरत्या कातळावर ठेवलं. "वत," तो नातीला म्हणाला.

सुमननं कळशी वाकवली. धार पानाखाली शिरली, पान उचललं गेलं आणि कातळाच्या कडेवरून खाली, कोरड्या पात्रात जाऊन पडलं. गुरवानं कडेशी जाऊन खाली पाहिलं. मग त्यानं मोठ्यानं म्हटलं, "चाललं."

'वाघजाईच्या नावानं चांगभलं' झालं, ढोल झाला. एकेका बाईनं आपल्या कळशीतलं पाणी मुखवट्यावर ओतलं. शाहिदानं लुगडं पुढं केलं. गेल्या सालापासून मोडायची राहिलेली घडी मोडली. मी रडले. बाकीच्याही रडत होत्या, त्यामुळे काही विशेष दिसलं नाही.

उतार

उतरताना बायका हळदीची गाणी म्हणत होत्या. बापे मोकळे झाले होते. किसन तर उड्या मारत होता. "आता पुढल्या साली ही तंगडतोड न्हाई!" तो म्हणाला. "देवळाफुडंच चार हंडे वतायचे, झालं न्हाणं. आधीच कुनाला कसं सुचलं न्हाई?" सगळ्यांना ते पटलं. मलाही, कारण माझ्या तळपायांना फोड आले होते.

राघू गुरव सगळ्यांच्या मागे राहिला होता. मी लंगडत असल्यानं त्याच्याबरोबर पडले. "बाबा, छान झालं," मी म्हटलं.

"व्हय. पोरीचं भलं झालं." थोडं चालून तो म्हणाला, "पर किसन म्हनतो ते खरं हाय. आता वर कोन येनार? देवी दरसाल नदीला भेटाया जायची, म्हनून आमीबी जायचो. कुटं आटली, कुटं हाय, डोळ्यानं बघायचो. आता देवीला पाणी घरपोच. नदी कपारीत हाय का न्हाई, कुनाला कळायचं न्हाई." तो थांबला. "मी दार उघडलं बाई. पोरीसाठी उघडलं. पर त्या दारानं नदीबी बाहीर गेली."

तो चुकत नव्हता. सुमनही चुकली नव्हती. भूगोलात असल्या उत्तराला गुण देता येत नाहीत.

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पहिल्या गाडीनं परतणार होतो. सुमन आणि तिची आई आमच्याबरोबर पौडला येणार होत्या, शाहिदाच्या अब्बांच्या दुकानात लग्नाचा बस्ता बांधायला. सुमननं जत्रेत घेतलेल्या बांगड्या घातल्या होत्या आणि गाडी चुकेल म्हणून ती आम्हा सगळ्यांना दामटत होती. घाटापाशी आल्यावर मात्र तीच थबकली.

पात्रात नेहमीसारख्या बायका वाकल्या होत्या. घाटाच्या पायथ्याच्या झिऱ्यात, सुमनच्या जागी, राघू गुरव बसला होता. हिरडेवाडीत आजवर कुठला बाप्या झिऱ्यावर बसला नव्हता. तो सवय नसलेल्या हातानं वाटी भरायचा, अर्धं पाणी कळशीत पडायचं, अर्धं वाळूत. आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"आबा! ह्ये काय मांडलंया?" सुमन वरून ओरडली. "मी आल्यावर भरीन की!"

"आज भरशील," तो वर न बघता म्हणाला. "वैशाखानंतर कोन भरंल?"

त्यानं फडक्याची चुंबळ केली, ती डोक्यावर नीट बसेना. कपारीपाशी पहिल्यांदा 'चाललंय' म्हणालेल्या म्हातारीनं पुढं होऊन बसवून दिली आणि आणखी एकीला घेऊन कळशी उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली. बायकांचं हसू थांबलं. तो एका हातानं कळशी आणि दुसऱ्या हातानं पायरी धरत घाट चढू लागला. पाणी त्याच्या कानावरून, मानेवरून, सदऱ्यातून खाली ओघळत होतं. देवळाच्या दिशेनं जाताना त्याच्या मागे पायऱ्यांवर एक ओली रेघ उमटत गेली. ती वाळायच्या आत पुन्हा खाली उतरून दुसरी खेप आणायची, असं त्यानं ठरवलेलं दिसलं.

सुमननं हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि ती धावत खाली गेली. आमची गाडी चुकली.